चर उघडा आहे तोवर

एका वाचक भगिनींचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा :

नव्याने उभ्या राहिलेल्या एका वसाहतीत त्या राहतात. घरं एकशेसाठ, त्यातली भरलेली जेमतेम साठ. रस्त्यांचं शेवटचं काम चालू असल्यामुळे कडेचे चर अजून उघडे आहेत. मोठ्या कंपन्यांकडे विचारणा केली की ‘वसाहत भरली की बघू’ असं उत्तर मिळतं. अशात एक छोटा इंटरनेटवाला पुढे आला आहे. तो म्हणतो, घरोघरी फायबर मी माझ्या खर्चाने टाकतो आणि त्या एकाच फायबरमधून इंटरनेटही देतो, टीव्हीही देतो. अटी तीन : करार दहा वर्षांचा, पैसे प्रत्येक घराच्या मासिक देखभाल खर्चात धरायचे, आणि तोवर दुसऱ्या कोणाला वसाहतीत केबल टाकू द्यायची नाही. ‘तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं’ म्हणून हंगामी समितीने हे काम बाईंच्या गळ्यात टाकलं आहे. शेजाऱ्यांत दोन तट पडलेत. काही म्हणतात, छोट्या माणसाचा काय भरवसा, उद्या गाशा गुंडाळला तर? बाकीचे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या मागे का लागायचं? ज्येष्ठांना टीव्ही नीट दिसला की झालं. तरुण जोडप्यांकडे टीव्ही आहे, पण त्यावर चॅनल कोणी लावत नाही. बाई विचारतात : छोट्यावर विसंबावं की मोठ्याची वाट पाहावी? एकत्र पॅकेज घ्यावं की नुसतं इंटरनेट? ‘निर्णय चुकला तर दहा वर्षं येता-जाता बोल मलाच लागणार’ हे वाक्य पत्रात दोनदा आलंय.

ताई, तुमचं पत्र वाचून आधी मनात आलं ते हे की तुम्ही फार लवकर दोन पर्यायांवर येऊन थांबलात. छोटा की मोठा, पॅकेज की नुसतं इंटरनेट. हे दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते दुसऱ्या नंबरचे आहेत. त्याने तुमच्यापुढे जो एक कागद ठेवलाय, त्यात खरं तर तीन वेगवेगळे व्यवहार एकात शिवलेले आहेत. जमिनीतली नळी आणि तिच्यातलं फायबर हा एक. त्या फायबरवरून येणारं इंटरनेट हा दुसरा. आणि टीव्ही हा तिसरा. या तिघांचं आयुष्य सारखं नाही. नळी आणि फायबर एकदा गेलं की वीस-तीस वर्षं कोणी हात लावत नाही. घरातलं यंत्र पाच-सात वर्षांत जुनं होतं. टीव्हीचं पॅकेज तर लोक महिन्या-महिन्याला बदलतात. या तिघांना मिळून दहा वर्षांची एकच गाठ मारायची, यातच गोंधळ आहे. फायबरला दहा वर्षं फार कमी, टीव्हीला फार जास्त.

फायबर म्हणजे प्रकाशातून संदेश नेणारा काचेचा धागा. त्याबद्दल थोडं सांगते, कारण त्यावरच सगळं उभं आहे. 1966 साली चार्ल्स काओ या शास्त्रज्ञांनी मांडलं की काचेतून प्रकाश लांबवर जात नाही तो काचेच्या अंगभूत दोषामुळे नाही, तिच्यातल्या अशुद्धतेमुळे. एका किलोमीटरमागे 20 डेसिबेलपेक्षा कमी प्रकाश हरवेल अशी काच बनली तर ती संदेशवहनाच्या कामाची ठरेल, असा त्यांचा हिशोब होता. 20 डेसिबेल म्हणजे किलोमीटरभरानंतर शंभरातला एक भाग उरणं! 1970 साली कॉर्निंग या अमेरिकी काच कंपनीतल्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी तशी काच करून दाखवली. काओंना 2009 साली नोबेल मिळालं. आजच्या साध्या फायबरमध्ये किलोमीटरमागे 0.2 डेसिबेलच्या आसपास प्रकाश हरवतो, म्हणजे शंभरातले पंचाण्णव भाग पलीकडे पोहोचतात. वसाहतीच्या फाटकापासून शेवटच्या घरापर्यंतचं अंतर त्या काचेच्या खिजगणतीतही नाही. म्हणून वेग वाढवायचा झाला तर दोन टोकांची यंत्रं बदलतात, काच तीच राहते.

माझ्या आधीच्या घरात दारामागे एक पांढरी डबी आहे. तिच्यात उत्तम अवस्थेतलं फायबर आहे आणि त्यातून काहीही येत नाही. ते टाकणाऱ्याचा धंदा बसला. त्यानंतर आलेल्याने त्या डबीच्या शेजारीच भिंतीला भोक पाडून नवं फायबर आत घेतलं. कारण जुनं कोणाच्या मालकीचं, ते वापरायला परवानगी कोणाकडे मागायची आणि खालच्या पेटीत त्याचं दुसरं टोक कुठलं, हे आम्हा रहिवाशांपैकी एकालाही सांगता येईना. फायबर शाबूत, मालक बेपत्ता. ‘गाशा गुंडाळला तर?’ या तुमच्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या डबीत दिसतं. दुकान बंद पडणं हे संकट नव्हतं, दोन दिवसांत दुसरा मिळाला. पुन्हा खणायला, पुन्हा भोकं पाडायला लागली ती मालकीचा कागद नव्हता म्हणून.

तेव्हा पहिलं काम नळीचं, आणि ते कोणाशीही करार न करता होण्यासारखं आहे. चर उघडे आहेत तोवर वसाहतीच्या खर्चाने, वसाहतीच्या मालकीची नळी टाकून घ्या. मुख्य रस्त्याला एक नाही, दोन. एक वापरायला, दुसरी रिकामी, आत ओढदोरी घालून दोन्ही तोंडं झाकलेली. ही रिकामी नळी बघून सभेत कोणीतरी हमखास विचारेल की पैसे मातीत का घालताय. घालायचेच आहेत. चर खणणं, बुजवणं आणि वरचा रस्ता पुन्हा नीट करणं यात जो खर्च असतो, त्यापुढे दुसऱ्या नळीची किंमत किरकोळ असते. विजेच्या केबलसाठी वेगळी नळी, ही आणि ती एकत्र नको. वळणांवर आणि चार-सहा घरांच्या मध्ये झाकण उघडून हात घालता येईल अशी चेंबर. प्रत्येक घरापर्यंत फायबरचे दोन धागे, एक चालू आणि एक राखीव. घरात शिरणारं फायबर जी.657 जातीचं आहे ना, एवढं विचारून घ्या. जुनी जात 30 मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवली तर प्रकाश सांडायला लागतो. या जातीचा ए2 प्रकार साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचं वळण सहन करतो. दाराच्या चौकटीमागून केबल दाबून नेणारे सुतारकाका प्रत्येक वसाहतीत असतात.

ही कल्पना माझी नाही. स्टॉकहोम शहराने 1994 साली स्टोकाब नावाची शहराच्याच मालकीची कंपनी काढली. ती फक्त फायबर टाकते आणि भाड्याने देते. इंटरनेट विकायचं ते विकणाऱ्यांनी त्यावरून विकावं. तुमची वसाहत शहर नाही, पण विचार तोच. रस्ता आपला, गाड्या कोणाच्याही.

आता त्या छोट्या माणसाकडे वळू. पत्रात तुम्ही त्याच्याबद्दल जरा संशयाने लिहिलंय, ‘आवळा देऊन कोहळा काढतोय का’ असं. थोडं त्याच्या बाजूने बघा. फायबरच्या धंद्यात पैसा लागतो तो आधी लागतो. खणणं, नळी, फायबर, जोडकाम, पेट्या. शंभर घरांसमोरून केबल गेली आणि त्यातल्या वीसच घरांनी जोडणी घेतली तर त्या वीस घरांना सगळ्या शंभरांचा भार उचलावा लागतो. साठ घरांनी घेतली तर गणित सुटतं. त्याची सगळी धडपड ही की किती घरं जोडली जातील ते आजच पक्कं व्हावं. दहा वर्षं, देखभाल खर्चातून वसुली, दुसऱ्याला बंदी, हे तिन्ही त्याच एका भीतीवरचे उपाय आहेत. आणि टीव्ही का चिकटवलाय? चॅनलमध्ये त्याच्या हाती फार काही उरत नाही. चॅनलचे दर चॅनलवाले ठरवतात, तो मधला. पण ज्या घरात इंटरनेट आणि टीव्ही एकाच माणसाकडून येतो ते घर सहजासहजी दुसरीकडे जात नाही, कारण एक सोडायचं तर दोन्ही सोडावी लागतात. टीव्ही ही त्याच्यासाठी कमाई नाही, कडी आहे.

हे कळलं की बोलणं सोपं होतं. नळी वसाहतीने टाकली तर त्याचा सगळ्यात मोठा खर्च वाचतो, आणि त्या खर्चाबरोबर दहा वर्षं मागण्याचं कारणही. फायबर त्याने टाकलं तर अमुक वर्षांनी ते वसाहतीच्या मालकीचं होईल आणि त्याआधी तो गेला तर उरलेल्या किमतीला वसाहत घेईल, असं लिहून घ्या. बदल्यात त्याला काहीतरी द्यायलाच हवं, फुकटात कोणी येत नाही. आज राहत असलेल्या साठांपैकी किती घरं दोन-तीन वर्षांसाठी नक्की घेणार, याच्या सह्या त्याला गोळा करून द्या. नावानिशी सह्यांचा तो कागद त्याला बँकेतही दाखवता येतो.

दुसऱ्याला बंदी मात्र नको. या एका मुद्द्यावर मी हटवादी आहे. अमेरिकेत फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या दूरसंचार नियामकाने 2007 साली केबल कंपन्यांच्या अशा ‘इथे फक्त आम्हीच’ करारांवर निवासी इमारतींपुरती बंदी घातली, आणि 2022 साली इमारतमालकाला महसुलात वाटा देऊन तीच मक्तेदारी मागच्या दाराने आणण्याचे काही प्रकारही बंद केले. तिथे हे नियम करावे लागले म्हणजे रहिवाशांच्या डोक्यावरून असे करार सर्रास होत होते. तुमच्याकडे नियम काहीही असो, तुमची सही तुमच्या हातात आहे.

आणि देखभाल खर्चातून वसुली? ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खुपलेली गोष्ट ही की एकशेसाठातली शंभर घरं अजून रिकामी आहेत, आणि त्यांच्याबद्दल पत्रात एक वाक्यही नाही. तुम्ही ‘सगळ्यांसाठी’ ठरवायचं म्हणताय, पण त्या सगळ्यांतले बहुतेक अजून आलेलेच नाहीत. त्यात कोणी भाडेकरू ठेवेल, कोणी वर्षातून दोन महिने राहील, कोणाच्या ऑफिसने विशिष्ट कंपनीचीच जोडणी घ्यायला लावली असेल. त्यांच्या मासिक खर्चात दहा वर्षांचं टीव्हीचं पॅकेज तुम्ही आजच लिहून ठेवलं, तर पहिल्या दिवसापासून ते समितीकडे कपाळाला आठी घालूनच बघतील. बोल लागायची भीती आहे म्हणता ना, तो खरा लागेल तो इथून. जे पुन्हा करता येणार नाही तेवढंच समितीने ठरवावं : नळी, चेंबर, राखीव धागा, पेटीची जागा. कोणाचं इंटरनेट आणि कुठले चॅनल हे ज्याच्या त्याच्या घरात ठरू द्या. आणि हंगामी समितीने दहा वर्षांच्या कशावरही सही करू नये, तसला कागद सर्वसाधारण सभेपुढेच जायला हवा.

बरं, छोटा आहे म्हणून भरवसा नाही, यात तथ्य किती? थोडं आहे. पण लोक बघतात तिथे नाही. छोट्या इंटरनेटवाल्यांपैकी बंद पडणाऱ्यांपेक्षा मोठ्याला विकले जाणारे मी जास्त पाहिलेत. तेव्हा ‘तू बुडालास तर’ इतकंच ‘तू विकलास तर’ हेही लिहून घ्या, नव्या मालकाला याच अटी लागू राहतील असं. आणि मोठी कंपनी म्हणजे भरवसा हे समीकरणही तपासून बघा. छोट्याकडे बिघाड झाला तर तोच माणूस येतो ज्याने जोड मारलाय, त्याला कुठल्या चेंबरमध्ये काय आहे ते पाठ असतं. मोठ्याकडे तक्रार क्रमांक मिळतो.

त्याचं पाणी जोखायचं असेल तर माहितीपत्रक वाचत बसू नका, त्याच्या कंट्रोल रूमला भेट द्या. बहुतेकदा ती एखाद्या गाळ्यातली खोलीच असते. तिथे विचारा, बाहेरून येणाऱ्या लाइन किती आणि त्या वेगवेगळ्या रस्त्यांनी येतात का. दोन लाइन एकाच खांबावरून येत असतील तर ती एकच लाइन समजा. वीज गेली तर बॅटरी किती तास चालते. फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशिन स्वतःचं आहे की दर वेळी मागून आणतो. मुख्य यंत्राचं जादा कार्ड कपाटात आहे का. आणि मग त्याला त्याच्या बाहेरच्या लाइनचा महिनाभराचा वापराचा आलेख पडद्यावर दाखवायला सांगा. प्रत्येकाकडे असतो, मागितला की लगेच उघडून दाखवतात, आणि दाखवायला टाळाटाळ केली तर ते उत्तरच झालं. रोज रात्री नऊ-दहाच्या सुमाराला त्या आलेखाला टेकाड येतं. टेकाडाचा माथा टोकदार किंवा गोल असेल तर ठीक. तो पठारासारखा सपाट कापला गेला असेल तर लाइन तुडुंब भरली आहे. त्या वेळी त्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा व्हिडिओ गोल फिरत असतो.

हे सांगायचं कारण, वसाहतीतला फायबरचा भाग सहसा अडत नाही. सध्या सर्रास वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत एका फायबरवर खाली येणारा वेग जवळपास 2.5 गिगाबिट आणि वर जाणारा साधारण 1.25 गिगाबिट असतो. तो पेटीतल्या स्प्लिटरमधून 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने ओढलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला 75 मेगाबिटच्या वर येतं, आणि सगळे एकदम ओढत नाहीतच. 64 चा वाटा असेल तर 32 मागा, एवढं पुरे. पुढेमागे कमी पडलंच तर त्याच काचेवर एक्सजीएस-पॉन नावाची 10 गिगाबिटची पद्धत चालते. तिचे प्रकाशाचे रंग वेगळे असल्यामुळे जुनी आणि नवी एकाच फायबरमध्ये शेजारी-शेजारी नांदतात. अडतं ते फायबर संपल्यावर पुढे, त्याच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या लाइनवर. म्हणून आलेख.

अजून एक गोष्ट छोट्यांकडे हमखास निघते. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगात पुरेसे उरलेले नाहीत, मध्यवर्ती साठा 2011 च्या फेब्रुवारीतच संपला. त्यामुळे बरेच पुरवठादार एकच पत्ता अनेक घरांत वाटून वापरतात. सिनेमे बघायला, मीटिंगला याने काही बिघडत नाही. पण दारावरचा कॅमेरा बाहेरगावाहून थेट बघायचा असेल किंवा घरून ऑफिसचं काही खास काम असेल तर अडू शकतं. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यापैकी कशाने सुरू होत असेल तर समजा तुम्ही वाटणीत आहात. आयपीव्ही6, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, देतोस का आणि कोणाला लागला तर स्वतंत्र पत्ता मिळेल का, हे आधीच विचारा.

आता टीव्ही. तुमच्या पत्रात ‘इंटरनेटवरचा टीव्ही’ असा शब्द आलाय, आणि बहुधा सगळ्या भांडणाचं मूळ त्यात आहे. फायबरमधून टीव्ही तीन तऱ्हांनी येतो, आणि तुमचा माणूस कुठल्या तऱ्हेने देणार हे तुम्ही त्याला विचारलेलंच दिसत नाही.

पहिली तऱ्हा म्हणजे जुन्या केबलचाच सिग्नल प्रकाशावर बसवून पाठवायचा. इंटरनेट 1490 नॅनोमीटरच्या प्रकाशावर खाली येतं, टीव्ही 1550 च्या आसपासच्या वेगळ्या प्रकाशावर. घरातल्या डबीतून जाडी काळी केबल निघते, ती सेट-टॉप बॉक्सला लागते. इंटरनेट बंद पडलं तरी हा टीव्ही चालू राहू शकतो. ज्येष्ठांसाठी हे सगळ्यात सुखाचं, त्यांच्या हातातला रिमोट आणि त्यावरचे आकडे बदलत नाहीत. दुसरी तऱ्हा आयपीटीव्हीची. चॅनल डेटा होऊन येतो, पण पुरवठादाराच्या स्वतःच्या जाळ्यातून. यात एक हुशारी आहे : अंतिम सामना पन्नास घरं बघत असली तरी मुख्य फायबरवरून त्या चॅनलची एकच प्रत धावते आणि घरांना पुढे वाटली जाते. चांगल्या प्रतीचा एचडी चॅनल 6-8 मेगाबिट घेतो, तो पन्नासदा घेत नाही. तिसरी तऱ्हा म्हणजे नुसती ॲप्स. पुरवठादार तुम्हाला कोणा दुसऱ्याच्या सेवेची वर्गणी भरून देतो आणि पॅकेजमध्ये ‘टीव्ही’ असं छापतो. इथे प्रत्येक घर आपली वेगळी प्रत ओढतं, 4के असेल तर 15 ते 25 मेगाबिट, आणि थेट प्रक्षेपण प्रत्यक्षापेक्षा अर्धा मिनिट मागेही असू शकतं. शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो आणि तुमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतोच आहे. वसाहतीतलं भांडण कधी-कधी एवढ्यावरून पेटतं.

तिसऱ्या तऱ्हेचा टीव्ही असेल तर तो एकत्र घेण्याचं काहीच कारण नाही, ज्याला हवा तो स्वतः वर्गणी भरेल. पहिल्या किंवा दुसऱ्या तऱ्हेचा असेल तर ज्यांना हवा त्या घरांना नक्की द्यावा, पण ऐच्छिक आणि इंटरनेटपासून सुटा. सुटा म्हणजे बिलात वेगळी ओळ, वेगळी मुदत, आणि एक बंद केलं तर दुसरं चालू राहील असं लेखी. चॅनलवाल्यांनी दर वाढवले तर ती वाढ फक्त टीव्हीच्या ओळीत यावी, इंटरनेटच्या नाही. दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स लागणार का आणि त्याचं भाडं वेगळं का, हे ज्येष्ठांच्या घरी आधी सांगा. तिथे टीव्ही एक बाहेर आणि एक आतल्या खोलीत असतोच. आणि दहा वर्षं टीव्हीची हमी तो तरी कशी देणार? अमेरिकेतल्या कित्येक छोट्या केबल कंपन्यांनी अलीकडे स्वतःची टीव्ही सेवा आटोपती घेऊन गिऱ्हाइकांना ॲपवाल्यांकडे पाठवलंय, कारण चॅनलचे दर देऊन हाती काही उरत नाही. तुमच्या माणसावर ती पाळी आली तर तुमच्या करारातला अर्धा भाग नुसता कागदावर उरेल आणि पैसे मात्र देखभाल खर्चातून जात राहतील.

एक गोष्ट घराघरात आत्ताच करून घ्या, तुमच्याकडे अजून शंभर घरांचं काम व्हायचंय म्हणून सांगते. फायबर जिथे घरात शिरतं तिथून टीव्हीच्या भिंतीपर्यंत कॅट 6 ची, म्हणजे नेटवर्कची, एक केबल नळीतून टाकून ठेवा. आयपीटीव्ही वाय-फायवर रुसतो, चित्राचे चौकोन पडतात, आणि मग लोक फायबरला शिव्या देतात. राउटर विजेच्या लोखंडी पेटीत कोंबायची फॅशन आली आहे, तीही थांबवा. लोखंडात ठेवलेलं वाय-फाय बाहेर कसं येणार? जवळ एक प्लग आणि छोटा यूपीएस ठेवायला जागा हवी. वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, पण घरातल्या यंत्राला लागते. जुना तांब्याचा फोन वीज गेली तरी चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून यायची. फायबरवरचा फोन तसा चालत नाही. लिफ्टमधला आणीबाणीचा फोन किंवा कोणा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची गजर-घंटा या लाइनवर टाकणार असाल तर बॅटरीशिवाय टाकू नका.

जोडणीच्या दिवशी तंत्रज्ञ येतो तेव्हा त्याच्याजवळ उभ्या राहा. तो हिरव्या टोपीचा कनेक्टर काढेल, टोक ओल्या पॅडने पुसेल आणि हातातल्या मीटरला लावेल. पुसलं नाही तर पुसायला सांगा. आत जिथून प्रकाश जातो तो गाभा 9 मायक्रॉनचा, धुळीचा एक कण त्याला झाकायला पुरतो. टोकात डोळा लावून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण असतो. मीटरवर प्रकाशाची ताकद सांगणारा उणे एकोणीस, उणे एकवीस असा आकडा येईल, उणे जितकं जास्त तितका प्रकाश कमी. नेहमीच्या यंत्रांना उणे 8 ते उणे 27 या दरम्यान चालतं, पण उणे 25 च्या खाली गेलेला आकडा स्वीकारू नका, पुढच्या बिघाडाला जागा उरत नाही. तो आकडा आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून यंत्राच्या पाठीला लावून टाका. सहा महिन्यांनी वेग पडला, तंत्रज्ञाने ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणून सांगितलं आणि पट्टीवर उणे एकोणीस असताना मीटर उणे सव्वीस दाखवत असेल, तर प्रकाश पाचव्या हिश्शावर आलाय आणि कुठेतरी फायबर दबलंय. दिवेही बघायला शिका. ‘लॉस’ लाल म्हणजे प्रकाशच येत नाही, बहुधा बाहेर केबल तुटली आहे. ‘पॉन’ लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय पण पलीकडचं यंत्र तुम्हाला ओळखत नाही. तक्रार नोंदवताना एवढं सांगितलं की समोरचा माणूस ‘राउटर बंद करून चालू करा’ यावर फार वेळ घालवत नाही.

माझ्या मते त्या माणसाला घ्या. तीन वर्षांसाठी, इंटरनेटसाठी, ज्या घरांना हवं त्यांच्यासाठी. मोठ्या कंपनीची वाट पाहण्यात काही राम नाही. तुमची नळी तयार असेल तर ती भरलेल्या वसाहतीत आपसूक येईल, आणि तिला यायची मुभा आहे हे ठाऊक असलेला छोटा माणूस रात्री फोनही उचलेल. तो ‘दहा वर्षांशिवाय जमणार नाही’ म्हणाला तर त्याचा हिशोब त्याला कागदावर मांडायला सांगा. नळीचा खर्च वजा करून तो पुन्हा मांडू द्या. त्यावरही अडून बसला तर नळी टाका आणि महिनाभर थांबा, बाजारात तो एकटा नाही.

सभा घ्यायला उशीर होणार असेल तर निदान नळीचा ठराव आधी करून घ्या, रस्तेवाले तुमच्या सभेसाठी थांबणार नाहीत. आणि चर बुजवायच्या आदल्या संध्याकाळी मोबाइल घेऊन एक फेरी मारा. प्रत्येक वळणाचा, प्रत्येक चेंबरचा फोटो, शेजारच्या कुंपणाच्या भिंतीपासून टेप लावून, टेपवरचा आकडा वाचता येईल असा. नळी किती खोल आहे त्याचाही एक. सगळे फोटो समितीच्या ईमेलवर टाका, एकट्या तुमच्या फोनमध्ये ठेवू नका. पाच वर्षांनी पाण्याची लाइन दुरुस्त करायला जेसीबी येईल तेव्हा समितीत तुम्ही नसाल, आणि ड्रायव्हर पहिला प्रश्न विचारेल तो ‘खाली काय आहे?’ हाच.